बारडोलीच्या घरातला समुद्र

आमच्या आईच्या गळ्यात पोवळ्यांची एक सर असे. सोन्याच्या बारीक मण्यांत ओवलेले ते तांबडे लांबट मणी आम्ही लहानपणी कितीदा तरी बोटांनी फिरवून पाहिले होते. पण पोवळे खाणीत सापडते की झाडाला लागते, हे विचारावे असे आम्हांला कधी वाटले नाही आणि तिलाही ते कुणी सांगितले नसावे. मंगळाची अंगठी, तान्ह्या मुलाच्या मनगटातले मणी आणि वैद्यबुवांचे प्रवाळभस्म, एवढ्यावर आमचे पोवळ्याविषयीचे ज्ञान संपत असे. म्हणून आमच्या नातवाने एके दिवशी जेवता जेवता, “आजोबा, आपल्या घरी जिवंत पोवळे आणू या का?” असे विचारले, तेव्हा हातातला घास तसाच ठेवून आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो.

बारडोली हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे. उसाचे मळे, गळिताच्या हंगामात साखर कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग, मिंढोळा नदी आणि स्वराज आश्रम ही आमच्या गावाची ओळख. आमचे आजोबा ताप्ती व्हॅलीच्या गाडीने खानदेशातून इकडे आले आणि इथलेच झाले. समुद्र पाहावयाचा तर सुरत ओलांडून डुमसला जावे लागते आणि तिथे तरी काय दिसते? काळी वाळू आणि चहाच्या रंगाचे पाणी. नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या खंभातच्या आखातात इतका गाळ आणून ओततात की, स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या पोवळ्याला तिथे थारा नाही. सुरतेच्या बंदरात पोवळे उतरत असे ते व्यापाऱ्यांच्या पेट्यांतून. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी भूमध्य समुद्रातले तांबडे पोवळे इथे आणून विकीत. आमच्या आईच्या गळ्यातली सर त्याच जातीच्या पोवळ्याची असावी.

नातवाच्या मनात पोवळे भरले ते सुरतेलाच. महानगरपालिकेने २०१४ साली पाल येथे उघडलेले जगदीशचंद्र बोस मत्स्यालय तो शाळेच्या सहलीत पाहून आला आणि घरी येऊन त्याने खाऱ्या पाण्याच्या पेटीचा हट्ट धरला. मुंबईचे १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आम्ही लहानपणी काचेला नाक लावून पाहिले होते. तेव्हा त्याचा हट्ट आम्हांला अगदीच परका वाटला नाही. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र सुरुवातीलाच बजावले, “पेटी आणा, पण तिच्यातला जीव मेला तर त्याचे पाप कुणाच्या माथी, ते आधी ठरवा.” हे वाक्य आम्ही त्या वेळी हसण्यावारी नेले.

आधी पोवळे म्हणजे काय, हे समजून घेणे भाग होते. एकेकाळी युरोपातील विद्वान त्याला वनस्पती समजत. पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने १७२० च्या दशकात ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिले आणि त्याची ‘फुले’ म्हणजे हातपाय हलविणारे चिमुकले प्राणी आहेत, असे सांगितले. पॅरिसच्या विद्वत्सभेला ते इतके विचित्र वाटले की, त्याची लाज राखावी म्हणून रोमूरने त्याचे नावसुद्धा उघड केले नाही. पुढे वीस वर्षांनी तोच खरा ठरला. प्रवाळाचा एकेक जीव म्हणजे तळाशी चिकटलेली एक इवलीशी पिशवी. तोंडाभोवती दंश करणाऱ्या शुंडकांचे कडे. तो पाण्यातला चुना ओढून आपल्या बुडाखाली दगडी वाटी बांधतो, शेजारी दुसरा बांधतो, आणि अशा लाखो वाट्यांतून प्रवाळभित्ती उभी राहते. भित्ती बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात. सूर्यप्रकाशात ती अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. प्रवाळाचे रंगही बव्हंशी या भाडेकरूंमुळे. दागिन्यातले तांबडे पोवळे निराळे. ते भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींत वाढते आणि त्याच्या अंगात अशी शैवाले नसतात.

एक योगायोग आम्हांला वाचता वाचता सापडला. १९२८ च्या उन्हाळ्यात बारडोलीचे शेतकरी वल्लभभाईंच्या मागे उभे राहून सारावाढीशी झुंजत होते आणि त्याच वर्षीच्या जुलैत यंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाची तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर उतरली होती. प्रवाळ खातो काय, त्याला उजेड कशाला लागतो, याचा छडा लावण्यासाठी ती मंडळी वर्षभर एका बेटावर राहिली. प्रवाळ आणि शैवाल यांच्या भागीदारीविषयी आज आपण जे जाणतो, त्याचा बराचसा पाया तिथे घातला गेला.

आता घरच्या समुद्राविषयी. समुद्र विकत मिळत नाही. तो कालवावा लागतो. एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, या हिशेबाने आमच्या २०० लिटरच्या पेटीला सात किलो मीठ लागले. सौभाग्यवतींना वाटले, वाण्याकडून मिठाच्या पिशव्या आणल्या की झाले. पण स्वयंपाकाचे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, गंधकाचे क्षार, असे पुष्कळ काही असते आणि प्रवाळाचे घर नेमके त्यातल्या कॅल्शियमवर उभे राहते. म्हणून मत्स्यपेट्यांसाठी मुद्दाम तयार केलेले मीठ आणावे लागले. इथून जवळच असलेल्या दांडीला १९३० साली गांधीजींनी चिमूटभर मीठ उचलले. आणि त्याच मुलखात राहून आम्ही समुद्राच्या मिठाला एवढे पैसे मोजले, याचे शेजारच्या पटेलांना कितीतरी दिवस हसू येत होते. आमच्या विंधनविहिरीचे पाणी जड, तेही चालेना. ते आरओ यंत्रातून गाळून घ्यावे लागले.

पाणी भरल्यावर लगेच मासे सोडावयाचे नसतात, हे आम्ही नातवाकडून शिकलो. कोरड्या सच्छिद्र दगडांत आधी जंतू वसावे लागतात. घाणीतून निघणारा विषारी अमोनिया एका जातीचे जंतू नायट्राइटमध्ये बदलतात, दुसऱ्या जातीचे त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही व्यवस्था बसावयास पाच-सहा आठवडे गेले. तेवढे दिवस आमच्या दिवाणखान्यात दिव्याखाली नुसते पाणी आणि दगड. येणारे-जाणारे विचारीत, “मासे कुठे आहेत?” नातू गंभीरपणे उत्तर देई, “पाणी पिकतंय.” मग तीन विदूषक मासे आले. दर रविवारी २० लिटर पाणी काढून तेवढेच नवे घालावयाचे, त्यासाठी ७०० ग्रॅम मीठ कालवावयाचे, हा आमच्या घरचा नेम झाला.

माशांचे बस्तान बसले. पण नातवाचे लक्ष प्रवाळाकडे होते. त्याचे टिपण आम्ही पाहिले. उष्णमान २४ ते २७ अंश, दर लिटर पाण्यात कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, उजेड निळसर आणि प्रखर, नायट्रेट अगदी थोडे. ही विद्या कुठून आली, हेही त्याने शोधले होते. जकार्तातील ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली आपली रीत प्रसिद्ध केली: समुद्रातला सजीव दगड, हवेचे बुडबुडे आणि भरपूर उजेड, एवढ्यावर त्यांची प्रवाळे जगत. पुढे पीटर विल्केन्स यांनी पाण्यात चुन्याची निवळी थेंब थेंब सोडावयास शिकविले. चुन्याची निवळी! आमच्या पिढीतल्या किती मुलांना ती आजीने चमच्याने पाजली असेल. तीच बर्लिनच्या हौशी मंडळींच्या पेट्यांत प्रवाळाची हाडे बांधीत होती. तिथले श्ट्यूबर यांनी तर फांद्यांच्या प्रवाळाची एवढी वाढ केली की, त्याचे तुकडे तोडून ते मित्रांना देत आणि मित्र पुढे आपल्या मित्रांना. जास्वंदीची फांदी मागून आणावी, तसे प्रवाळ घरोघर पसरले.

हे वाचून आमचे मन विरघळले. समुद्राला धक्का न लावता घरातून घरात जाणारे पोवळे, यात वावगे ते काय? नातवाने एका विक्रेत्याशी पत्ता जुळविला. त्याने फांद्यांच्या प्रवाळाचा वीतभर झुपका पिशवीतून पाठविण्याचे कबूल केले. आम्ही पावती मागितली, तेव्हा तो म्हणाला, “पावतीवर ‘शोभेचा दगड’ असे लिहू.” जिवंत प्राण्याला पावतीत दगड म्हणावे लागते, तेव्हा काहीतरी लपवावयाचे असते, एवढे कळण्याइतकी आमची नोकरी हिशेबात गेली आहे. आम्ही त्याला सांगितले, आधी छायाचित्र पाठवा. वरून नको, खालून.

छायाचित्र आले ते नातवानेच नीट पाहिले. पेटीत वाढविलेला तुकडा चिनीमातीच्या चकतीवर किंवा सिमेंटच्या गोळीवर चिकटविलेला असतो आणि त्याचे बूड जिवंत पेशींनी सावकाश झाकत जाते. या झुपक्याला चकती नव्हती. खाली ताजा, पांढराशुभ्र तुटका भाग होता आणि त्याला मूळ खडकाचा कपचा, त्या कपच्याला एक कालव चिकटलेले होते. नातू बराच वेळ बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, “हे कुणाच्या पेटीतलं नाही, आजोबा. हे काल-परवा फोडलंय.”

कायदा आम्ही नंतर वाचला. आधी वाचावयास हवा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली भित्ती बांधणारी सारी प्रवाळे घालण्यात आली. काळे पोवळे, अग्निप्रवाळ, बासरीच्या नळ्यांसारखे तांबडे नळीप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचाही त्यात समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच या चिमुकल्या जीवांना. मोडणाऱ्यास तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास. आम्ही व्यवहार मोडला. नातवाला राग विक्रेत्याचा आला नव्हता, आमचाही नव्हता. पण चार दिवस तो पेटीजवळ फिरकला नाही. पाचव्या दिवशी त्याने आम्हांला एक प्रश्न विचारला आणि तो योग्य होता. तिकडे बर्लिनला चालते ते इथे का चालू नये? पेटीत वाढविलेल्या तुकड्याने समुद्राचे काय जाते?

आम्ही त्याला उत्तर दिले ते आमच्या समजुतीप्रमाणे. एका तुकड्याने काही जात नसेल. पण आपल्याकडे येणारा तुकडा पेटीतला की समुद्रातला, हे दाखविणारी साखळीच नाही. तू खालची बाजू पाहिलीस म्हणून तुला कळले. विकत घेणाऱ्या दहांपैकी नऊ जण वरचा रंग पाहतात. पेटीतल्याला मोकळीक दिली की समुद्रातलाही त्याच पावतीवर येणार. नातवाचे यावर पूर्ण समाधान झाले नाही. परवाना देऊन, चकतीवर शिक्का मारून, अशी प्रवाळे वाढविता येतील, असे त्याचे म्हणणे आहे. कदाचित पुढे तसे होईलही. आज मात्र तसे नाही.

आमचा निर्णय बरोबर होता, याची दुसरी साक्ष उन्हाळ्याने दिली. मे महिन्याच्या अखेरीस वादळी वारा सुटला, तारा तुटल्या आणि दुपारी गेलेली वीज रात्रीपर्यंत आली नाही. बाहेर चाळीसच्या वर पारा. पंप थांबले, पाणी तापत चालले. बाटल्यांत बर्फ भरून आम्ही पेटीत तरंगत ठेवला, नातू वाटीने पाणी वर उचलून उचलून ओतीत होता; तरी पाणी ३२ अंशांवर गेले. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. तीनपैकी दोन मासे गेले. सौभाग्यवती त्या रात्री काही बोलल्या नाहीत. त्यांचे पहिल्या दिवशीचे वाक्य आम्हांला आठवत होते. पेटीत प्रवाळ असते तर तेही वाचले नसते. नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादा अंश अधिक उष्णता काही आठवडे टिकली, तरी प्रवाळ आपल्या अंगातली शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. शैवाले वेळेवर परतली नाहीत, तर तो उपाशी मरतो. लक्षद्वीपची प्रवाळे १९९८ साली अशीच पांढरी पडली आणि २०२४ साली जगभरच्या समुद्रांत हीच आपत्ती चौथ्यांदा जाहीर झाली, तेव्हाही लक्षद्वीप तिच्यातून सुटले नाही. आमच्या पेटीत एका दुपारी जे घडले, ते समुद्रात अधिक सावकाश घडते आहे. आणि समुद्राला बर्फाची बाटली पुरत नाही.

हिवाळ्यात आम्ही नातवाला घेऊन जामनगरला गेलो. तिथून वाडिनारजवळच्या नरारा बेटावर ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. कच्छच्या आखातातील हा प्रदेश १९८० साली अभयारण्य झाला आणि १९८२ साली त्यातला काही भाग देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. त्यापूर्वी याच आखातातून सिमेंटसाठी चुन्याची वाळू उपसली जात असे. वनखात्याची परवानगी काढून, वाटाड्याच्या मागोमाग, घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही दोन-तीन तास चाललो. सौभाग्यवतींनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला होता. खेकडे, समुद्रफुले, दगडाखाली अंग चोरून बसलेला एक अष्टपाद, हे सारे पाहून झाले. आणि मग एका डबक्याशी वाटाड्या थांबला. ताटाएवढा, तपकिरी-हिरवा, मधाच्या पोळ्यासारखा गोळा. ना भडक रंग, ना फांद्या. चित्रात पाहिलेल्या प्रवाळांपुढे तो अगदी साधा दिसत होता. गढूळ पाणी, ओहोटीला डोक्यावर ऊन, उन्हाळा-हिवाळ्यातला मोठा फरक, हे सारे सोसून तो तिथे होता. अशा गोळ्यांच्या काही जाती वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. नातवाने मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, “आजोबा, हा माझ्याहून मोठा असेल.” वाटाड्याने सांगितले होते, हात लावू नका. त्याने लावला नाही.

तिथून आम्ही ओखामंडळात गेलो, ते एका जुन्या ऋणाखातर. ओखामंडळ हा बडोदे संस्थानचा मुलूख. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्रातील जीवांची पाहणी करविली आणि तिचा अहवाल १९०९ व १९१६ साली दोन भागांत छापून निघाला. समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या एका मराठी दरबाराला आपल्या किनाऱ्यावर कोणकोणते जीव राहतात, हे जाणून घ्यावेसे वाटले, ही गोष्ट गुजरातेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी विसरू नये. याच ओखामंडळात मिठापूर आहे. तिथली भित्ती सावरण्याचे काम २००८ पासून गुजरातचे वनखाते, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून हाती घेतले. फांद्यांच्या प्रवाळाची जी जात कच्छच्या आखातातून नाहीशी झाली होती, तिचे तुकडे लक्षद्वीपहून आणून तिथल्या पाण्यात रुजविण्यात आले. २०२० च्या जानेवारीत भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने वनखात्याबरोबर तिथे दुसरा प्रयोग केला. समुद्रतळाशी लोखंडी सांगाडा ठेवून त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडला की, पाण्यातला चुना सांगाड्यावर साचू लागतो आणि त्यावर लावलेली प्रवाळे लवकर धरतात. म्हणजे बर्लिनच्या दिवाणखान्यातली तीच विद्या. तुकडा तोडणे, चिकटविणे, चुना पुरविणे. फरक इतकाच की, इथे तुकडा समुद्रातून घरात येत नाही, तो समुद्रालाच परत दिला जातो.

हे ऐकून नातवाचा चेहरा बदलला. “मग हे काम कोण करतं? त्याला काय शिकावं लागतं?” आमच्या मते चार दिवसांच्या अबोल्याची भरपाई त्या प्रश्नाने झाली.

पेटी अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. उरलेल्या माशाला सोबती आणला, पंपांना बॅटरी जोडली. रविवारी ७०० ग्रॅम मीठ कालविले जाते. प्रवाळासाठी राखून ठेवलेला मधला सपाट दगड रिकामाच होता. आता त्यावर तांबूस खडकशैवालाचा पातळ थर आपोआप चढू लागला आहे आणि नातू रोज भिंगातून तो पाहतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ घरांत अशा पेट्या येऊ लागल्या आहेत, असे ऐकतो. हौस चांगली आहे; मासे ठेवावेत, पाण्याची निगा शिकावी, विजेची सोय आधी करावी. पोवळे पाहावयाचे तर हिवाळ्यातली ओहोटीची वेळ पाहून मुलांना नराऱ्याला न्यावे. मालवणला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही प्रवाळे आहेत आणि तो परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे पाण्यात उतरलात, तर पाय दगडावर टेकवू नका. आणि कुणी जिवंत प्रवाळ विकावयास आणले, तर वरचा रंग पाहून भुलू नका. ते उलटे करावयास सांगा आणि खालची बाजू पाहा.